दारू उतरली तरी खोली का फिरते?

दारू प्यायलेला माणूस बसलेला असतो तोवर बरा दिसतो. उठून चालतानाही थोडंफार सावरतो. पण अंथरुणाला पाठ टेकली की छत गरगरायला लागतं. मुरलेले पिणारे अशा वेळी डोळे उघडे ठेवतात आणि एक पाय खाली सोडून जमिनीला टेकवतात. का, ते त्यांना सांगता येत नाही, पण बरं वाटतं एवढं ठाऊक असतं. सकाळी नशा पुरती उतरलेली असते, तरी कुशीवर वळलं की पुन्हा तेच. आणि वर्षानुवर्षं पिऊन मग दारू सोडलेल्या काही जणांची चाल कित्येक महिने झाले तरी फेंगडीच राहते.

हे सगळं आपण 'नशा' नाहीतर 'अशक्तपणा' या दोन शब्दांत गुंडाळून टाकतो. खरं तर या वेगवेगळ्या ठिकाणी घडणाऱ्या वेगवेगळ्या बिघाडांच्या खुणा आहेत. झोकांडी वरून सारखीच दिसते. पण बिघाड कुठे आहे यावर तो काही तासांत निवळेल, काही महिन्यांत, की कधीच नाही, हे ठरतं. त्यातला एक बिघाड तर असा आहे की उपचाराला दिरंगाई झाली तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

## तोल सांभाळतं कोण?

आपण कुठे आहोत, कुठल्या बाजूला कललो आहोत, याची खबर मेंदूला तीन वाटांनी मिळते. डोळे आजूबाजूचं दाखवतात. तळपाय, घोटे आणि स्नायू जमिनीचा दाब कळवतात. तिसरी वाट कानातून येते. बाहेर दिसतो तो कान नव्हे. कवटीच्या हाडात खोल दडलेला आतला कान, म्हणजे आंतरकर्ण.

आंतरकर्णाचा एक भाग ऐकण्याचा, दुसरा तोलाचा. तोलाच्या भागात प्रत्येक बाजूला तीन अर्धगोल नलिका असतात आणि त्यांत एक पातळ द्रव असतो. पाण्याने भरलेला पेला हातात धरून एकदम गोल फिरवा: पेला फिरतो, पाणी क्षणभर मागे राहतं. डोकं वळवल्यावर नलिकेतही हेच होतं. मागे राहिलेला द्रव तिथल्या एका मऊ, जेलीसारख्या पडद्याला ढकलतो, पडदा वाकतो, त्याच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म केसांच्या पेशी वाकतात आणि मेंदूला कळतं की डोकं फिरलं. याखेरीज शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. डोकं कललं की ते घसरू पाहतात, त्यावरून वर-खाली कळतं.

कानातून निघालेली खबर डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत साधारण १० मिलिसेकंदांत पोहोचते. म्हणून चालता चालता पाटी वाचता येते: डोकं हलतं, पण डोळे तितकेच उलट दिशेला सरकून चित्र स्थिर ठेवतात. आणि या तिन्ही वाटांच्या खबरा जुळवून हालचाल नेमकी करण्याचं काम मानेच्या वर, कवटीच्या मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू करतो.

व्यसनी पदार्थ यातल्या कुठल्याही टप्प्यावर घाव घालू शकतात. दारू तर जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर घालते.

## दारूने पडदा हलका होतो

निरोगी अवस्थेत तो मऊ पडदा आणि भोवतीचा द्रव यांची घनता सारखी असते. त्यामुळे पडदा ना तरंगतो, ना बुडतो. गुरुत्वाकर्षणाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. डोकं खरोखर फिरलं तरच तो वाकतो. सगळी यंत्रणा या एका बारीक समतोलावर उभी आहे.

दारूतलं अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. रक्तवाहिन्या पडद्याच्या मुळाजवळ असतात, त्यामुळे अल्कोहोल आधी पडद्यात झिरपतं आणि द्रवात पोहोचायला त्याला वेळ लागतो. मधल्या काळात पडदा द्रवापेक्षा हलका असतो. उभं असताना हे फारसं जाणवत नाही. आडवं होऊन कुशीवर वळलं की नलिकेची बैठक बदलते, हलका पडदा वर तरंगू पाहतो आणि वाकतो. डोकं उशीवर स्थिर असूनही मेंदूला खबर जाते की आपण फिरतोय. मग डोळे त्या खोट्या फिरण्याला उत्तर द्यायला सरकतात, झटक्याने परत येतात, पुन्हा सरकतात. डोळ्यांच्या या झटक्यांना डॉक्टर निस्टॅग्मस म्हणतात. खोली फिरताना दिसते ती त्यांच्यामुळे.

हा पहिला टप्पा प्यायल्यानंतर साधारण अर्ध्या तासात सुरू होतो आणि तीन-चार तास टिकतो. मग द्रवातही तितकंच अल्कोहोल पोहोचतं, घनता पुन्हा सारखी होते आणि एक शांत काळ येतो. पुष्कळांना इथे वाटतं की उतरली. पण नंतर रक्तातली दारू कमी होऊ लागते, तेव्हा ती पडद्यातून आधी बाहेर पडते आणि द्रवात मागे राहते. आता पडदा द्रवापेक्षा जड. साधारण पाच ते दहा तासांनी दुसरा टप्पा सुरू होतो: पुन्हा गरगरणं, पण डोळ्यांचे झटके उलट दिशेला. रक्तातलं अल्कोहोल शून्यावर आल्यानंतरही हा टप्पा काही तास चालू राहू शकतो. हँगओव्हरच्या सकाळी कुशीवर वळल्यावर जे होतं, ते बहुतेक हेच.

जमिनीला पाय टेकवण्याची युक्तीही यातून उलगडते. कानाची खबर खोटी असताना डोळे आणि तळपाय खरी खबर पाठवतात आणि मेंदूला बाजू निवडायला मदत होते. ही युक्ती शोधणाऱ्यांना शरीरशास्त्र येत नव्हतं, पण उपाय शास्त्राला धरून होता, हे मला गमतीचं वाटतं.

## हे कशावरून? मेंदू बधिर होतो म्हणूनच तोल जातो ना?

शंका रास्त आहे, कारण मेंदूही बधिर होतोच. पण कानाचा वाटा वेगळा काढून दाखवता येतो.

द्रवाच्या घनतेत किंचित फरक पडला तरी कान फसतो, हे शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच कळलं होतं. व्हिएन्नातले डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पाण्याने धुवायचे तेव्हा रुग्णांना चक्कर यायची. पाणी गार असेल तर डोळ्यांचे झटके एका दिशेला, गरम असेल तर उलट दिशेला. गरम द्रव हलका होऊन वर जातो, गार द्रव खाली, असा त्यांनी अर्थ लावला. आंतरकर्णावरच्या या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. त्यांची ही तपासणी आजही केली जाते.

दारूबद्दलचा माझ्या मते सगळ्यात देखणा पुरावा १९७४ मध्ये आला. कॅनडातले केन मनी आणि त्यांचे सहकारी मायल्स यांनी माणसांना जड पाणी प्यायला दिलं. जड पाण्यात नेहमीच्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असतो, त्यामुळे ते साध्या पाण्यापेक्षा दहा-अकरा टक्के जड असतं. त्याने नशा चढत नाही. तरीही पिणाऱ्यांच्या डोळ्यांना झटके सुरू झाले, आणि ते दारूच्या पहिल्या टप्प्याच्या बरोबर उलट दिशेला. केवळ बधिरतेने हे घडलं असतं, तर साध्या जड पाण्याने घडायचं कारणच नव्हतं.

मेंदूचा वाटा मात्र वेगळा दिसतो. दारू लहान मेंदूतल्या पेशींमधला ब्रेक लावणारा रासायनिक संदेश वाढवते. पावलं चुकतात, हात निशाण्यावर जात नाही, बाजूला बघताना नजर एका जागी टिकत नाही. अमेरिकेत रस्त्यावर पोलीस ज्या चाचण्या घेतात, म्हणजे पेन हळूहळू बाजूला नेऊन डोळे पाहणं, टाच-पंजा जोडत सरळ रेषेत चालायला लावणं, एका पायावर उभं करणं, त्या मुख्यतः हाच भाग तपासतात.

## 'मला चढतच नाही'

रोज पिणारा माणूस तेवढ्याच दारूत नवख्याइतका झोकांड्या खात नाही, हे खरं. त्याच्या मेंदूने सततच्या ब्रेकची सवय करून घेतलेली असते. पण ही सवय म्हणजे इजा होत नाही असं नव्हे. अल्कोहोलची घनता सवयीने बदलत नाही. मेंदू फारतर खोट्या खबरेकडे कानाडोळा करायला शिकतो. आणि चढत नाही म्हणून माणूस जास्त पितो, त्यामुळे पेशींवरचा मारा वाढतच जातो.

या सवयीची खरी परीक्षा बाकीच्या दोन वाटा बंद झाल्यावर होते. पाण्यात उडी मारली की पायाखालचा दाब जातो, गढूळ पाण्यात किंवा अंधारात डोळेही जातात. उरतो फक्त फसलेला कान. वर कुठे आणि खाली कुठे, हेच कळेनासं होतं. पिऊन पोहायला उतरणं इतकं घातक ठरतं त्यामागे हेही एक कारण आहे. ढगात शिरलेल्या वैमानिकाची गत अशीच. विमान चालवण्यापूर्वी दारूपासून दूर राहण्याचा किमान काळ अमेरिकेत ८ तास आणि भारतात १२ तास ठरवलेला आहे. दुसरा टप्पा कधी सुरू होतो हे आठवलं, तर भारताचा नियम जास्त कडक असणं शहाणपणाचं वाटतं.

## सकाळचा 'उतारा' का लागू पडतो

हँगओव्हरवर थोडी दारू घेतली की बरं वाटतं. त्याचा एक भाग कानात घडतो: जड झालेल्या पडद्यात पुन्हा हलकं अल्कोहोल शिरतं आणि घनतेचा फरक तात्पुरता मिटतो. दुसरा भाग मेंदूत घडतो: दारू कमी होताच सुरू झालेली तगमग थांबते. दोन्हींतून शरीर एकच धडा गिरवतं, की चक्कर आली की पेग. व्यसनाची एक वीट अशी बसते.

नेमका हाच धडा सोडताना आड येतो. 'सोडली तेव्हापासून चक्कर वाढली, म्हणजे शरीराला ती लागतेच' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. होतं असं की सततच्या ब्रेकला सरावलेल्या मेंदूचा ब्रेक अचानक निघतो. घाम, थरथर, धडधड, अस्थिरपणा, कधी कानात आवाज. ही सवय सुटतानाची प्रतिक्रिया आहे, दारूची गरज नव्हे. मात्र ती हलक्यात घेऊ नये. रोज भरपूर पिणाऱ्याला शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम होऊन जीवावर बेतू शकतं. म्हणून असं सोडणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

## वर्षानुवर्षं प्यायल्यावर

आतापर्यंतचा बिघाड परत फिरणारा होता. लांबलेल्या व्यसनात नुकसान कानाच्या पलीकडे सरकतं.

लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्याचा वरचा, पुढचा भाग दारूला विशेष हळवा असतो. तिथल्या मोठ्या पेशी मरू लागल्या की पाय आणि धड यांचा ताळमेळ जातो. माणूस पाय फाकवून, जपून चालतो. सरळ रेषेत टाच-पंजा चालता येत नाही. हात मात्र बऱ्यापैकी नीट चालतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं की गुडघ्यांचंच काही दुखणं असेल.

दुसरं नुकसान पायांच्या नसांचं. तळपाय बधिर होतात, मुंग्या येतात, जमिनीची खबर पोहोचत नाही. असा माणूस उजेडात ठीक चालतो, कारण डोळे भरपाई करतात. तोंड धुताना डोळे मिटून वाकला की मात्र बेसिनवर आदळतो. न्यूरोलॉजिस्ट हा प्रश्न मुद्दाम विचारतात.

तिसरं नुकसान सर्वांत घाईचं. शरीरात थायमिनचा, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. जेवण सुटलेल्या, उलट्या करणाऱ्या व्यसनी माणसाचा तो संपतो, आणि दारूमुळे आतड्यातून शोषणही नीट होत नाही. मग मेंदूतली तोल, नजर आणि स्मृतीची केंद्रं कोलमडतात. १८८१ मध्ये कार्ल वेर्निके यांनी या आजाराचं वर्णन केलं. तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं आणि गोंधळलेलं मन या त्याच्या तीन खुणा, पण तिन्ही एकत्र फार थोड्या रुग्णांत दिसतात. त्यामुळे 'प्यायलाय, झोपू दे' म्हणून तो निसटतो. शिरेतून थायमिन वेळेवर दिलं तर डोळ्यांची हालचाल काही तासांत सुधारू लागते. उशीर झाला तर नवीन काहीच लक्षात न राहण्याची अवस्था कायमची जडू शकते. अशा माणसाला नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवणं धोक्याचं. थायमिन आधी किंवा बरोबरच द्यावं लागतं.

## बाकीचे पदार्थ

तंबाखूची पहिली चक्कर बहुतेकांना आठवत असेल. निकोटिनने काही मिनिटांत अंधारात डोळ्यांना वरच्या दिशेचे झटके येतात. उजेडात नजर कशावर तरी स्थिरावली की ते दबतात. दीर्घकाळाची काळजी वेगळी: आंतरकर्णाला रक्त पुरवणारी धमनी एकच, तिला पर्यायी वाट नाही. धूम्रपानाने रक्तवाहिन्या खराब होतात तेव्हा या एकुलत्या वाटेला जास्त धोका. कोकेननंतर अचानक बहिरेपणा आणि चक्कर आल्याच्या ज्या नोंदी आहेत, त्यांमागेही वाहिन्या आकसणं हे एक संभाव्य कारण मानतात.

अफूच्या घराण्यातले पदार्थ, म्हणजे मॉर्फिन, हेरॉइन आणि तत्सम वेदनाशामक, तोलाच्या यंत्रणेला हळवं करतात. म्हणून ते घेतलेला माणूस पडून असला तर ठीक असतो आणि उठून चालला की त्याला मळमळतं. यांतल्या काहींच्या अतिसेवनाने दोन्ही कान वेगाने बहिरे झाल्याचंही आढळलं आहे. गांजाने उभं राहताच रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यातलं रसायन पेशींवरच्या ज्या ग्राहक-जागांना (रिसेप्टर) चिकटतं त्या लहान मेंदूत भरपूर आहेत, त्यामुळे चालही ढिली पडते.

हुंगण्याचे पदार्थ मला यात सगळ्यात क्रूर वाटतात, कारण ते कोवळ्या वयात सुरू होतात. गोंद आणि थिनरमधलं टोल्युइन ऐकण्याच्या पेशींना मारतं आणि मेंदूतल्या तारांवरचं आवरण खरवडतं; त्यातून आलेली डगमग अनेकदा कायमची असते. लाफिंग गॅस, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, कानाला फारसं काही करत नाही; तो ब१२ जीवनसत्त्व निकामी करतो आणि पाठीच्या कण्यातून पायांची खबर वर नेणाऱ्या वाटा खराब होतात. तरुणांमधला त्याचा वापर इतका वाढला की ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये नशेसाठी तो जवळ बाळगणं गुन्हा ठरवलं.

## चक्करची गोळी घेतली तर?

एखाद-दोन दिवस, तीव्र त्रासात, डॉक्टरांनी दिली तर ठीक. पण या गोळ्या कानाची खबर दाबतात, आणि बिघडलेल्या खबरेशी जुळवून घेण्याचं मेंदूचं कामही त्याबरोबर मंदावतं. दारूसोबत घेतल्या तर झोप आणि पडण्याचा धोका वाढतो.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्यांचं तर वेगळंच कोडं आहे. त्या चक्कर दाबतात म्हणून सुरू होतात, त्यांची सवय लागते, वयस्करांना त्या पाडतात, आणि सोडायला गेलं की चक्कर, कानात आवाज परत. त्याही अचानक बंद करायच्या नसतात. मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

## तोल परत येतो का?

बराचसा येतो. दारूतून आलेला कानाचा घोटाळा एक-दोन दिवसांत संपतो. लहान मेंदूचं नुकसान थांबतं आणि चाल पुढचे कित्येक आठवडे, महिने सुधारत राहते, अर्थात पुन्हा न प्यायल्यास. उजेडात आणि डोळे उघडे ठेवून उभं राहणं आधी सुधारतं. डोळे मिटून तोल सावरणं मागे राहतं आणि काहींचं कधीच पूर्ण भरून येत नाही. नसा फार सावकाश बऱ्या होतात. मेलेल्या केसपेशी माणसात जवळजवळ परत येत नाहीत, पण उरलेल्या दोन वाटांवर जास्त भिस्त ठेवायला मेंदूला शिकवता येतं. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट नजर, मान आणि चालीचे खास व्यायाम देतात.

एक धोका मात्र व्यसनाच्या शिक्क्यामुळेच वाढतो. लहान मेंदूतला पक्षाघात दारू प्यायल्यासारखाच दिसतो: झोकांड्या, अडखळती जीभ, उलट्या. पडून डोक्याला मार लागल्यावर कवटीत हळूहळू रक्त साचतं तेव्हाही तसंच, आणि जुन्या पिणाऱ्यांत ते जास्त सहज साचतं. त्याच माराने आंतरकर्णातले कॅल्शियमचे कणही सुटून नलिकेत जाऊ शकतात. त्यातली चक्कर भयंकर असते, पण डोकं ठरावीक क्रमाने वळवून ती काही मिनिटांत थांबवता येते. तोंडाला वास येतो एवढ्यावरून निदान ठरवलं की यातलं काहीच तपासलं जात नाही.

डॉक्टरांकडे जाताना म्हणूनच नुसतं 'चक्कर येते' म्हणू नये. आडवं झाल्यावर गरगरतं, उभं राहिल्यावर अंधारी येते, की अंधारात पाय अडखळतात, हे वेगवेगळं सांगावं. काय घेतो, किती, शेवटचं कधी घेतलं, नीट जेवण कधी झालं आणि अलीकडे पडलो होतो का, हेही. रुग्णाला लाज वाटत असेल तर बरोबरच्या माणसाने सांगावं. दुसऱ्या टप्प्याची चक्कर, व्यसन सुटतानाची थरथर आणि थायमिनची कमतरता यांना पहिल्या तासात एकमेकांपासून वेगळं करायला डॉक्टरांना सगळ्यात आधी लागतात ती याच प्रश्नांची उत्तरं.